गाणं आधी, गोष्ट नंतर

चला, एक पैज लावूया. तुमच्या मोबाइलमधली सगळ्यात लाडकी वीस गाणी काढा. कुठलीही चालतील. आता त्या वीस गाण्यांची मिळून अडीच तासांची एक गोष्ट रचायची. अटी दोनच. एक, गाण्यातले शब्द बदलायचे नाहीत. दोन, गाणं सुरू झालं की समोरच्याला वाटलं पाहिजे, या बाईला या क्षणी अगदी हेच म्हणायचं होतं.

जमेल? मी करून पाहिलंय. पाचव्या गाण्यापर्यंत माझी हिरॉईन तीनदा प्रेमात पडली, दोनदा पावसात भिजली आणि एकदा रडत रडत गच्चीवर गेली. ती पोटापाण्यासाठी काय करते, राहते कुठे, तिला आईवडील आहेत की नाहीत, याचा पत्ता नाही! कारण सोपं आहे. आपली लाडकी गाणी बहुतेक सगळी एकाच गावची असतात. प्रेम झालं, प्रेम तुटलं, पाऊस आला. त्यातून गोष्ट उभी राहत नाही, फार तर एफएमवरचा रात्री अकराचा कार्यक्रम होतो.

आणि तरीही जगात काही मंडळी हाच उद्योग करून करोडोंचा धंदा करतात. या प्रकाराला म्हणतात ज्यूकबॉक्स म्युझिकल.

नाणं टाका, गाणं ऐका

ज्यूकबॉक्स म्हणजे ते जुनं मशिन. नाणं टाकायचं, बटण दाबायचं की आपल्या पसंतीची रेकॉर्ड वाजायची. एकेकाळी मुंबईतल्या काही इराण्यांकडेही ते असायचं. ज्यूकबॉक्स म्युझिकलमध्ये गाणी आधीच हिट असतात, लोकांना तोंडपाठ असतात. नाटक मागाहून येतं. नेहमीच्या संगीतिकेत प्रसंग ठरतो आणि मग गीतकार-संगीतकार डोकं खाजवत बसतात. इथे डोकं खाजवायची पाळी लेखकाची.

आयडिया तशी नवी नाही. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे नावाच्या लेखकाने ‘द बेगर्स ऑपेरा’ आणला. त्यात ६९ गाणी होती आणि बहुतेकांच्या चाली रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यात लोक आधीपासून गुणगुणत असलेल्या. शब्द मात्र नवे, चोर-दरोडेखोरांच्या तोंडी घातलेले. या नाटकाशी आपलं नातं आहे बरं का. त्यावरून बरोब्बर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केला आणि त्यावरून पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने तो जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणला.

चाली उसन्या घ्यायची ही युक्ती आपल्याकडे आधीपासून होतीच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ केलं तेव्हा लोकांच्या ओठांवरच्या चालींवर नवी पदं बांधली. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक कधी हाती लागलं तर बघा, पदाच्या डोक्यावर लहान अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘चाल : अमुक’. म्हणजे वाचणाऱ्याने ते ओळखीचं गाणं मनात आणायचं आणि त्या चालीवर नवे शब्द म्हणायचे. सोय किती! चाल जुनी, शब्द गोष्टीला हवे तसे.

आजच्या ज्यूकबॉक्सवाल्याला ही सोय नाही. लोकांना शब्दही पाठ आहेत. एक शब्द हलवला तर तिसऱ्या रांगेतल्या काकू भुवया उंचावतात. मग तो निवडतो कसा?

माझं एक्सेल

२०१८ साली कंपनीने मला पाच महिन्यांसाठी लंडनला ऑनसाइट धाडलं. दिवसभर क्लायंटची बोलणी खायची, संध्याकाळी खोलीवर येऊन मॅगी. एका शनिवारी सवलतीचं तिकीट मिळालं म्हणून नोव्हेलो थिएटरला ‘मामा मिया!’ बघायला गेले. ॲबाची दोन-चार गाणी ऐकून माहीत होती, बाकी कोरी पाटी.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई होत्या. ‘डान्सिंग क्वीन’ लागलं तशा त्या उभं राहायच्या बेतात होत्या, अर्धं गाणं त्यांनीच म्हटलं. पण उत्तरार्धात एक संथ गाणं लागलं, ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’, आणि त्या एकदम गप्प झाल्या. हात मांडीवर. गाणं त्यांनाही पाठ होतंच की! मग गप्प का?

खोलीवर परतल्यावर मी काय केलं असेल? आयटीवाली मी, एक्सेल उघडलं. चार कॉलम केले. कोण गातंय, कोणाला, गाण्याआधी काय, गाण्यानंतर काय. नाटकातलं एकेक गाणं आठवून भरायला घेतलं. आणि हळूहळू बाईंची करामत दिसायला लागली.

बाई म्हणजे कॅथरीन जॉन्सन, या नाटकाची लेखिका. निर्माती जुडी क्रेमर. क्रेमर ऐंशीच्या दशकात ‘चेस’ या म्युझिकलच्या निमित्ताने ॲबाच्या बेनी आणि बियॉर्नबरोबर काम करत होती. ‘द विनर टेक्स इट ऑल’ ऐकून तिच्या डोक्यात किडा वळवळला की हे नुसतं गाणं नाही, यात अख्खं नाटक आहे. पुढे जॉन्सनने गाणी समोर मांडली आणि तिला त्यात दोन वयं दिसली. सुरुवातीची गाणी उनाड, पोरसवदा, नाचरी. नंतरची पोक्त, संसाराचे टक्केटोणपे खाल्लेली. एकाच बाईच्या तोंडी दोन्ही शोभणार नाहीत. मग? दोन बायका घ्या की! आई आणि मुलगी. मुलीचं लग्न ठरलंय, बाप कोण हे तिला ठाऊक नाही, आणि आईच्या जुन्या डायरीवरून तिने तीन संभाव्य बाप परस्पर लग्नाला बोलावलेत.

बघा हं, गोष्ट कुठून आली? गाण्यांना दोन ढिगांत वाटण्यातून आली. माझ्या मते सगळ्या ज्यूकबॉक्स प्रकरणातला हा सगळ्यात हुशार निर्णय.

आता ते संथ गाणं. मूळ गाण्यात सकाळची वेळ आहे, मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघालीय आणि आई तिला बघतेय. नाटकात तेच गाणं आई मुलीला लग्नाचा पोशाख चढवताना गाते. शाळेचे, दप्तराचे शब्द तसेच. पण समोर नवरी उभी असल्यामुळे ते शब्द एकदम वीस वर्षं मागून येतात. गाणं जिथल्या तिथे, फक्त उभं करायची जागा बदलली. आजीबाई का गप्प झाल्या ते कळलं ना?

‘डझ युअर मदर नो’ हे मूळ एका पुरुषाचं गाणं, मागे लागलेल्या कोवळ्या पोरीला तो टोलवतोय. नाटकात ते आईच्या मैत्रिणीला दिलंय आणि मागे लागलंय एक पोरगं. थिएटर हसून लोळतं. म्हणजे कोणतं गाणं घ्यायचं हा अर्धाच प्रश्न. कोणाच्या तोंडी द्यायचं हा उरलेला अर्धा.

२०१९ साली आलेल्या ‘अँड ज्युलिएट’मध्ये हा फंडा आणखी पुढे नेलाय. मॅक्स मार्टिन हा ॲबासारखाच स्वीडनचा, आपल्या कॉलेजच्या दिवसांतली अर्धी इंग्रजी पॉप गाणी त्याची. नाटकात ज्युलिएट जिवंत राहते. रोमिओ शेजारी मरून पडलाय, आणि ती गाते काय, तर ब्रिटनीचं ‘बेबी वन मोअर टाइम’. ऐकताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की त्या गाण्यातला एकटेपणा आपण कधी नीट ऐकलाच नव्हता, शाळेच्या युनिफॉर्ममधल्या त्या व्हिडिओपुढे! त्याच नाटकात ‘आय ॲम नॉट अ गर्ल, नॉट येट अ वुमन’ हे गाणं मे नावाच्या मित्राला मिळालंय. मे स्वतःला ना मुलगा मानत, ना मुलगी. बस्स. एक अक्षर न बदलता गाण्याचा अर्थ पार दुसरीकडे.

हिट गाण्याचं करायचं काय?

माझ्या एक्सेलमधला खरा कळीचा कॉलम चौथा. गाण्यानंतर काय? ‘डान्सिंग क्वीन’च्या आधी आई खोलीत तोंड लपवून बसलीय, जुने तिघे एकदम दारात उभे राहिल्यामुळे. गाण्यानंतर ती मैत्रिणींबरोबर पुन्हा स्टेजवर उभी राहायला तयार होते. गाण्याने तिला उठवलं. चौथा कॉलम रिकामा राहिला तर ते गाणं कितीही गोड असो, गोष्ट तिथे चहा प्यायला बसते.

पण गंमत अशी की प्रेक्षकाने पैसे मोजलेत ते हिट गाण्यांसाठी. आणि हिट गाणं दर वेळी कामाचं असेलच असं नाही. ‘वॉटर्लू’चंच घ्या. या गाण्याने ॲबाने ६ एप्रिल १९७४ रोजी युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. त्याला बरोब्बर पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, ६ एप्रिल १९९९ला, लंडनमध्ये ‘मामा मिया!’चा पडदा उघडला. म्हणजे हे गाणं मानाचा गणपतीच! आणि नाटकात ते कुठे आहे? गोष्टीत नाहीच. सगळं संपल्यावर, पात्रं चमचमते कपडे घालून परत येतात तेव्हा. गोष्टीत मावलं नाही, तर त्याला वरातीत नाचवलं.

‘क्वीन’ बँडच्या गाण्यांवर बेन एल्टनने ‘वुई विल रॉक यू’ केलं. ते २००२ ते २०१४ अशी बारा वर्षं लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये चाललं. ‘बोहेमियन रॅप्सडी’ तिथेही शेवटी, एन्कोरला. पण एल्टनने आणखी एक शक्कल लढवली. हीरोचं नाव गॅलिलिओ आणि हिरॉईनचं स्कारामूश. दोन्ही नावं त्याच गाण्यातली. म्हणजे गाणं यायच्या आधीच त्याची माणसं स्टेजवर हिंडतायत.

आणि ‘फर्नांडो’? ॲबाचं १९७६चं गाजलेलं गाणं. नाटकाच्या गाण्यांच्या यादीत नाव नाही. दोन जुने सोबती आठवताहेत त्या लढाईच्या रात्री, असं ते गाणं. ग्रीसमधल्या बेटावर, लग्नघरात, त्याला बसवायचं कुठे? नाही बसवलं. २०१८ साली ‘मामा मिया’चा दुसरा सिनेमा आला, त्यात चक्क फर्नांडो नावाचं एक पात्र जन्माला घातलं आणि शेर या गायिकेने त्याला बघून ते गाणं म्हटलं. एका गाण्याला आपलं माणूस मिळायला एकोणीस वर्षं लागली!

पडलेल्यांची गोष्ट

‘मामा मिया!’ ब्रॉडवेवर २००१ला पोचलं आणि २०१५पर्यंत चाललं. साहजिकच सगळ्यांना वाटलं, अरे, हे तर सोप्पं आहे. २००५ साली बीच बॉईजच्या गाण्यांवर ‘गुड व्हायब्रेशन्स’ आलं. ऊन, समुद्र, गाड्या, पोरी. गाणी एकसे एक. पण या गाण्यांत मूड आहे, माणूस नाही. कोणी कोणाला काही सांगत नाही. ९४ प्रयोगांत दुकान बंद.

त्याहून बोलकं उदाहरण खुद्द जुडी क्रेमरचं. २०१२च्या डिसेंबरात तिने स्पाइस गर्ल्सच्या गाण्यांवर ‘व्हिवा फॉरएव्हर!’ आणलं. निर्माती तीच, आई-मुलीची गोष्ट इथेही. जून २०१३मध्ये बंद. स्पाइस गर्ल्सचे अल्बम मिळून तीन. ॲबाकडे तरुणपणापासून घटस्फोटापर्यंतचा अख्खा प्रवास होता. या पोरींच्या गाण्यांना म्हातारं व्हायला वेळच मिळाला नव्हता. मसाला तोच, पण पातेल्यात भाजी किती, हेही बघायला लागतंच.

हो कोण म्हणणार?

आता दुसरी जात, चरित्राची. इथे गोष्ट रचायची गरज नाही, गायकाचं आयुष्य तयार आहे. २००५ सालचं ‘जर्सी बॉईज’ हे फोर सीझन्स या ग्रुपवरचं. चार ऋतू, चार भाग आणि प्रत्येक भाग ग्रुपमधला एकेक जण सांगतो. आपापली बाजू लावून धरत, अर्थातच! ‘शेरी’ हे त्यांचं १९६२चं पहिलं दणदणीत हिट. ते ऐकायला प्रेक्षकाला बराच वेळ ताटकळावं लागतं. आधी चोऱ्यामाऱ्या, तुरुंग, फसलेली नावं, मग एकदाचं ‘शेरी’. इथे गाण्याला वेगळा प्रसंग लागत नाही. इतके दिवस न मिळालेलं गाणं मिळालं, हाच प्रसंग.

पण चरित्रातही तारखा वाकवतात. ‘माय आईज अडोर्ड यू’ हे १९७४चं गाणं नवरा-बायको वेगळे होतात त्या प्रसंगाला वापरलंय आणि तो प्रसंग आहे साठच्या दशकातला. गाणं तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. कोणी तक्रार केली? छे. कॅलेंडर चुकलं तरी चौथा कॉलम भरला होता ना.

आणि एक मामला आहे ज्याबद्दल तिकीट काढणारा विचारच करत नाही. हक्क. रेडिओवर किंवा हॉटेलात गाणी वाजवायला एक ठरावीक परवाना घेतला की भागतं. गाणं गोष्टीत गुंफून स्टेजवर आणायचं तर मात्र थेट मालकाकडे जावं लागतं, गाण्यागणिक. ‘मूलाँ रूज’ २०१९ला ब्रॉडवेवर आलं, त्यात सत्तरच्या आसपास गाण्यांचे तुकडे आहेत. किती दारं ठोठावली असतील, विचार करा! आणि मालक जेव्हा ‘हो’ म्हणतो, तेव्हा गोष्टीलाही ‘हो’ म्हणत असतो. किंवा नसतो. मायकल जॅक्सनवरचं ‘एमजे’ २०२२ला ब्रॉडवेवर सुरू झालं ते त्याच्या वारसदारांच्या संमतीने. गोष्ट घडते १९९२ साली, दौऱ्याच्या तालमीत. त्याच्यावर लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप जगजाहीर झाला १९९३ साली. पडदा त्याच्या आधीच पडतो. गाणी निवडताना वर्षंही निवडली जातात, आणि काही वर्षं गाळली जातात.

हे सगळं मला नुसतं इंटरेस्टिंग वाटत होतं. मग २०२५ उजाडलं.

आमचं घरगुती म्युझिकल

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. डोंबिवलीत हॉल घेतला, दीडशे माणसं, व्हॉट्सॲपवर ग्रुप. हल्ली अशा समारंभात काय करतात ते तुम्हाला माहीतच आहे. आयुष्यातले प्रसंग, मध्ये मध्ये निवेदन आणि गाण्यांवर नाच. म्हणजे ज्यूकबॉक्सच की! ताईने चौदा गाण्यांची यादी टाकली. बघण्याच्या कार्यक्रमाचं गाणं, लग्नाचं गाणं, ताईच्या जन्माचं, माझ्या जन्माचं, नव्या फ्लॅटचं, आणि मग जावई येतानाचं. झकास यादी.

मी ती माझ्या एक्सेलमध्ये टाकली आणि सवयीने एक कॉलम जास्तीचा केला. साल. १९९३ला फ्लॅट, आणि पुढचं गाणं थेट २०१२चं. मधल्या एकोणीस वर्षांत आमच्याकडे काही घडलंच नाही?

घडलं होतं ना. १९९६ साली बाबांची ठाण्यातली कंपनी बंद पडली. मी सहा वर्षांची, ताई नऊ. पुढची चार वर्षं आईने पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या. पहाटे चारला उठून दीडशे-दोनशे पोळ्या, आणि बाबा सायकलवरून डबे पोचवायचे. या चार वर्षांबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. रागाने नाही, की लाजेनेही नाही बहुतेक. नुसतंच बोलत नाही.

आई मेथी निवडत होती तेव्हा मी विषय काढला. "आई, शहाण्णव ते दोन हजार. तेव्हाचं एखादं गाणं सांग ना."

"कुठलं गाणं? टू-इन-वन विकला नव्हता का आपण!"

म्हटलं, संपला विषय. मेथीची दुसरी जुडी सोडताना तीच म्हणाली, "मी म्हणायचे एक. लाटताना. अगदी हळू, तुम्ही झोपलेल्या असायचात."

"आणि बाबा?"

"ह्यांचं कुठे लक्ष! हे डबे मोजत असायचे."

आकाशवाणीवर लागायचं तसलं एक जुनं भावगीत. कुठलं ते इथे सांगत नाही, ते तिचं आहे. त्यात ना भाकरी, ना कष्ट, ना गरिबी. वाट बघणाऱ्या एका बाईचं गाणं. यादीतल्या चौदांपैकी एकाचाही चौथा कॉलम धड भरत नव्हता. हे गाणं मात्र नुसतं नाव टाकल्याबरोबर जागा मागायला लागलं.

ताईने फोनवर ठाम नकार दिला. "लोक जेवायला येणार आहेत गं. त्यांच्यासमोर कशाला ते सगळं? आणि मुख्य म्हणजे बाबांना चालणार आहे का? तू विचारलंस त्यांना?"

ताईचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. गोष्ट आमच्या घरची असली तरी त्या चार वर्षांचे हक्क आमच्या दोघींकडे नव्हते. सायकल बाबांनी चालवली होती. ‘एमजे’वाल्यांना वारसदारांची परवानगी लागली. इथे तर मूळ मालक हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार होता.

म्हणून मी त्यांना विचारलं. गाणं कुठलं ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की बाबा, कंपनी बंद झाली तो काळ कार्यक्रमात घेऊ का? तुम्हाला नको असेल तर नाही घेणार. ते बराच वेळ पेपरच वाचत राहिले. मग म्हणाले, "घ्या. डबेच पोचवत होतो, चोऱ्या नव्हतो करत."

मग राहिला प्रश्न जागेचा. शेवटी ठेवलं तर माणसं डोळे पुसत जेवायला जाणार. सुरुवातीला ठेवलं तर कळणारच नाही. आम्ही ते भाच्यांच्या सगळ्यात धुडगूस घालणाऱ्या नाचानंतर लगेच ठेवलं. निवेदन दोन वाक्यांचं, साल आणि पोळ्यांचा आकडा. कॅराओके नाही, नाच नाही. गाणार कोण? मी म्हटलं, ताई, तूच. जी ‘नको’ म्हणत होती तिच्याच तोंडी ते शोभणार होतं, कारण तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिला सगळं कळत होतं. तिने आठ दिवस भाव खाल्ला आणि मग तयार झाली. वेळ कमी म्हणून तीन कडव्यांपैकी दोनच घेतली.

कार्यक्रमात ती गायली. बरी गायली. टाळ्या पडल्या, थोड्या बावचळलेल्या, कारण कोणालाच हे अपेक्षित नव्हतं. टाळ्या ओसरल्या आणि जिजू पुढचं गाणं लावणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा म्हणाले,

"तिसरं कडवं का गाळलंत? ती रोज पूर्ण म्हणायची."

आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मी तिला लहानपणापासून बघतेय, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता. ती इतकी वर्षं समजत होती की पहाटे चार वाजता त्या स्वयंपाकघरात तिचं गाणं कोणी ऐकत नाही.

ताईला तिसरं कडवं पाठ नव्हतं. आईने ते बसल्या जागेवरून म्हटलं. माइकशिवाय. मागच्या रांगांना ऐकूही गेलं नसेल.

माझ्या एक्सेलमध्ये त्या गाण्यापुढे चौथ्या कॉलमात आता दोनच शब्द आहेत. ‘बाबा ऐकायचे.’

तुमची यादी

कोणाच्या साखरपुड्याची, रिटायरमेंटची, चाळिशीची गाण्यांची यादी एक ना एक दिवस तुमच्याही गळ्यात पडणारच आहे. ऑफिसात एक्सेल येणारी माणसं घरी सुटत नाहीत! तेव्हा आवडत्या गाण्यांची यादी करा, जरूर करा. पण शेजारी साल लिहा आणि कुठली वर्षं कोरी राहिलीत ते बघा. त्या वर्षांत घरात गाणं नव्हतंच असं सहसा नसतं. कोणीतरी हळू आवाजात म्हणत असतं. विचारा. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी मागा, आणि नाही म्हटलं तर गपचूप गाळा. मिळालं तर ते कोणाच्या तोंडी द्यायचं याचा दोन दिवस जास्त विचार करा.

आणि हो, ‘वॉटर्लू’साठी जागा ठेवायला विसरू नका. लोक आलेले असतात त्यासाठीच. आमच्याकडे शेवटी ‘झिंगाट’ लागलं. गोष्टीशी काडीचा संबंध नाही. बाबा खुर्चीवरून उठले, दोन्ही हात वर केले आणि तालाला सोडून असे काही नाचले की कॅटरिंगवाली पोरंसुद्धा बघायला बाहेर आली.